बारवेला दिलेली

१ फेब्रुवारी, शनिवार

पोचले. वसमतहून निघालेली एसटी इतकी रमतगमत आली की वाटेतल्या सगळ्या शेतांतला हळदीचा वास अंगाला लागला. सध्या हळद शिजवायचे दिवस आहेत, शिवारात जागोजागी वाफा निघताना दिसतात. कंडक्टरला म्हटलं, सातवेस आलं की सांगा. तो म्हणाला, सात वेशींपैकी दोनच उभ्या आहेत, पहिली दिसली की उतरा, दुसरी दिसली तर गाव मागं पडलं समजा. म्हणजे पहिल्याच दिवशी मला माझ्यापेक्षा बरा गाइड भेटला.

नगरपंचायतीनं 'वारसा फेरी' सुरू केली आहे आणि तिची मी मार्गदर्शक. लोकांना जुनं गाव पायी फिरवायचं, माहिती सांगायची, फोटो काढू द्यायचे. इतिहासात एम.ए. करून चार वर्षं पुण्यात दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या वेलांट्या दुरुस्त केल्या, आता निदान जिवंत माणसांशी बोलायला मिळेल. बाबांना माझ्याहून जास्त आनंद झालाय. ते अकोल्याला शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाले तरी गावोगावी जाऊन बुवांचे चमत्कार करून दाखवतात आणि त्यामागची युक्तीही सांगतात. निघताना म्हणाले, एकच पथ्य पाळ, जे माहीत नाही तिथं माहीत नाही म्हण. धाकटी पल्लवी म्हणाली, ताई, रील टाकत जा.

खोलीचं जरा लांबलं. नगरपंचायतीतले हरिचंदभाऊ मला घेऊन हिंडले. दोन ठिकाणी खोली रिकामी होती, पण माझं आडनाव ऐकल्यावर ती कालच कुणाला तरी कबूल केलेली निघाली. मला सवय आहे, हरिचंदभाऊंना नव्हती, ते बिचारे खाली बघत चालायला लागले. तिसरं घर सिंधूबाईंचं. त्यांनी आडनाव विचारलंच नाही. विचारलं ते एवढंच, की भाकर चालती का पोळीच लागती. भाकर म्हटलं तर लगेच परात घेऊन बसल्या आणि आम्ही एकाच ताटात जेवलो.

३ फेब्रुवारी, सोमवार

दोन दिवस नुसती हिंडतेय. दोन वेशी, निजामाच्या काळातली कचेरी, जमिनीत अर्धं गेलेलं महादेवाचं देऊळ, कोरीव खांबांची एक मशीद, आणि बारव. बारव पाहून मात्र मी जागच्या जागी बसले. चौकोनी, काळ्या दगडाची, चारी बाजूंनी खाली उतरत गेलेल्या बावन्न पायऱ्या, भिंतींत रिकामे कोनाडे, आणि तळाशी थोडंसं हिरवं पाणी. कुणी बांधली, कधी बांधली, कुठंच नोंद नाही. शिलालेख होता म्हणतात, त्या दगडावर आता कुणाची तरी म्हैस बांधलेली असते.

पायऱ्या झाडायचं काम सिंधूबाईंकडे आहे. पन्नाशीच्या असतील. डावा पाय किंचित आत वळवून चालतात, हनुवटीवर तीन ठिपक्यांचं गोंदण आहे. नवरा जाऊन दहा वर्षं झाली, एकुलती लेक जिंतूरला दिली आहे. मला तायडे म्हणतात. माझे केस त्यांना फार पातळ वाटतात, रोज तेल लावायला मागं लागतात.

आज बाजार होता म्हणून त्यांचे थोरले भाऊ मसाजी शेळ्या घेऊन आले होते. जवळच्याच एका वाडीवर त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं-शेळ्या राखतं. बहिणीकडं चहा प्यायला बसले. मी विचारलं, सिंधूबाई मूळच्या कुठल्या? ते म्हणाले, "आमच्याच वाडीची. आमी आमची सिंधू बारवेला देली."

बारवेभोवतीच्या वस्तीलाच इथं बारव म्हणतात. लेक जिंतूरला दिली, तशी बहीण बारवेला दिली. वाक्य मला फार आवडलं म्हणून इथं लिहून ठेवलं.

९ फेब्रुवारी, रविवार

आजचं लिहू की नको असं झालंय. लिहिते.

पहिल्या दोन फेऱ्या पडल्या होत्या. लोक वेशीपाशी उत्साहात असतात, कचेरीपाशी पाणी पितात आणि बारवेपर्यंत त्यांना घर आठवायला लागतं. आज तीस-बत्तीस शिक्षक होते. मी पायऱ्यांची रचना, दगडाची जात, पाण्याचे झरे असं सगळं नीट सांगत होते. दोघे मोबाइलवर क्रिकेट बघत होते. एक बाई जांभई देत म्हणाल्या, मॅडम, इथं काही घडलं-बिडलं नाही का.

माहीत नाही, असं म्हणायचं होतं. पथ्य एवढंच होतं.

मी म्हणाले, घडलं ना. पाच पुरुष खोल खणलं तरी बारवेला पाणी लागेना. तेव्हा इथल्या मेंढरं राखणाऱ्या एका घराण्यानं आपली लेक बारवेला दिली.

मोबाइल खाली आले. कुणीतरी विचारलं, नाव काय होतं तिचं? आणि मी म्हणाले, सिंधू.

मग मला थांबताच आलं नाही. हिरवं लुगडं नेसवून, ओटी भरून, वाजतगाजत आणलं तिला. ती पायरी पायरी उतरत गेली. पहिल्यांदा घोट्याला पाणी लागलं, मग गुडघ्याला, मग कमरेला, मग गळ्याला. तिनं मागं वळून पाहिलं नाही. जांभई देणाऱ्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला. टाळ्या वाजल्या, आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी वाजल्या.

दिली म्हणजे लग्न करून दिली, हे कुठल्याही मराठी लेकराला कळतं. मलाही कळत होतं. माझा गैरसमज झाला नव्हता, तो मी करून घेतला. समोरच्या पायऱ्यांवर खुद्द सिंधूबाई केरसुणी घेऊन उभ्या होत्या.

१० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी माफी मागायची ठरवून उठले. चुलीपाशी गेले तर सिंधूबाईच हसून म्हणाल्या, "माझंच नाव घेतलं व्हय तायडे? मी तर जित्ती हाय." मग स्वतःशीच किती तरी वेळ हसत होत्या. त्यांना गंमत वाटली. मसाजींना सांगू नका म्हटलं, तर म्हणाल्या की त्याला सांगितलं तर तो लोकांना बहीण दाखवायला घेऊन येईल.

माफी मागायची राहून गेली. हसण्यावारी गेलं तर कशाला उकरा, असं म्हणून मी भाकरी खाल्ली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

परवा आणि काल मिळून चार फेऱ्या झाल्या. शिक्षकांपैकी कुणीतरी व्हिडिओ टाकला होता, तो परभणी-नांदेडपर्यंत पोचला. हरिचंदभाऊंनी पेढे आणले. लोक वेशीपाशी थांबतच नाहीत, थेट बारव कुठंय विचारतात.

गोष्ट दर वेळी थोडी वाढते. सिंधू डावा पाय आत वळवून चालायची, असं मी सांगितलं. हनुवटीवर तीन ठिपके होते, असंही. घडवून सांगण्यापेक्षा बघून सांगणं सोपं जातं, आणि बघायला त्या समोरच असतात. लोकांना हे बारकावे फार भावतात. मला संशोधक म्हणायला लागले आहेत आणि मी नाही म्हणत नाही.

पल्लवीनं व्हिडिओ कॉलेजच्या सगळ्या मैत्रिणींना पाठवला. मार्चमध्ये परीक्षा झाली की येणार म्हणते, तिला माझी फेरी बघायची आहे. बाबांना अजून पाठवू नकोस, असं मी तिला सांगितलं. का, ते तिनं विचारलं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

बारवेचं पाणी वाढलंय. काल नऊ पायऱ्या पाण्याखाली होत्या, आज चौदा. फेब्रुवारीत पाणी उतरायला हवं. गावात सगळे खूश आहेत. मी भूजलाचं काहीतरी कारण असेल म्हणून विषय संपवला.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवते. सिंधूबाईंच्या लुगड्याचा काठ ओला असतो. घोट्यापर्यंत ओला, कायमच. घर सारवलेलं, कोरडं खडखडीत, पण त्या चुलीपासून उंबऱ्यापर्यंत गेल्या की मागं ओल्या पावलांचे ठसे उठतात, डावं पाऊल आत वळलेलं. मी विचारलं तर म्हणाल्या, मलाबी कळंना, उन्हात बसून राहिले तरी वाळंना.

शेजारची बाई आज विरजण द्यायला आली होती. सिंधूबाई दारातच होत्या. तिनं त्यांच्या बाजूनं हात लांब करून वाटी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, एकट्याच राहता मॅडम, भीती नाही का वाटत. मला वाटलं, दोघींचं भांडण असेल.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

काल महाशिवरात्र. औंढ्याला निघालेल्या कित्येक गाड्या वाट वाकडी करून इकडं आल्या. बायकांनी बारवेच्या एका कोनाड्याला शेंदूर लावला. नारळ, हिरव्या बांगड्या, खण. सिंधूआईची ओटी. माझ्यासमोर एका बाईनं आपलं तापानं फणफणलेलं लेकरू त्या कोनाड्यासमोर ठेवलं. दवाखान्यात ने म्हटलं तर म्हणाली, आधी आईच्या पायावर घालते.

संध्याकाळी बाबांचा फोन आला. व्हिडिओ त्यांच्यापर्यंत पोचलाच. आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं की, या नरबळीला आधार काय? मी म्हणाले, स्थानिक मौखिक परंपरा. त्यांनी विचारलं, कुणाच्या तोंडून ऐकलंस? मी म्हणाले, एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या. ते म्हणाले, मग ठीक आहे, तू तपासलं असशीलच.

माझ्या बापानं आयुष्यभर लोकांच्या अंगातलं काढलं. आणि मी एका रविवारी जांभई बघून हे सगळं घातलं. फोन ठेवल्यावर किती तरी वेळ मला पाणी पिण्याचीही लाज वाटत होती.

३ मार्च, सोमवार

आज बाजार. मसाजी आले.

सिंधूबाई पायरीवर बसल्या होत्या, लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं. त्या भावाला पाहून उठल्या, चहा ठेवते म्हणाल्या. मसाजींनी त्यांच्याकडं पाहिलंच नाही. त्यांच्या शेजारून येऊन माझ्यापुढं बसले. टोपी काढून हातात घेतली. म्हणाले, बाई, मला ठावं नव्हतं, पण गाव सांगून राहिलं ते खरं असंल. मग खाली मान घालून बोलले.

"आमी आमची सिंधू बारवेला देली."

तेच शब्द. अगदी तेच. पण आता ते लग्नाचं बोलत नव्हते.

म्हणाले, वाडीवरच्या पोरांना शाळेत चिडवतात, लेकी मारणारे म्हणतात. नातीची सोयरीक मोडली. मी म्हणाले, मसाजीकाका, ही बघा ना तुमची बहीण, इथं उभी आहे. त्यांनी मी बोट दाखवलं तिकडं पाहिलं, भिंतीकडं बघतात तसं. मग दोन्ही हात जोडले.

सिंधूबाई माझ्यामागं उभ्या होत्या. त्यांनी चहा तीन कप केला होता.

८ मार्च, शनिवार

महिला दिन. नगरपंचायतीनं बचत गटांच्या दोनशे बायका आणल्या. रात्रभर विचार करून मी ठरवलं होतं, आज सगळ्यांसमोर सांगायचं, हे मी रचलं. कागदावर लिहूनही नेलं होतं.

माइक हातात आला. दोनशे चेहरे. पहिल्या रांगेत हरिचंदभाऊ अभिमानानं बसलेले. कुणीतरी माझ्या खांद्यावर शाल घातली. मी म्हणाले, भगिनींनो, आज तुम्हाला एक खरी गोष्ट सांगते. आणि तीच सांगितली. पहिल्यापेक्षा चांगली सांगितली. कमरेला पाणी लागलं तेव्हा ती रडली नाही, असं नवीन घातलं आणि त्यावर टाळ्या घेतल्या.

पाण्याखाली एकवीस पायऱ्या. बाविसाव्या पायरीवर सिंधूबाई उभ्या होत्या, कमरेपर्यंत भिजलेल्या, केरसुणी हातात. त्या टाळ्या वाजवत नव्हत्या. माझ्याकडं बघत होत्या. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

१० मार्च, सोमवार

त्या आता घरी येत नाहीत. चूल थंड आहे. मी हरिचंदभाऊंकडं गेले, म्हटलं सिंधूबाईंना बारवेवरून दुसरीकडं काम द्या. त्यांनी विचारलं, कोण सिंधूबाई? मी म्हणाले, झाडणाऱ्या. ते हसले, म्हणाले, मॅडम, देवीच्या जागी झाडायला पगारी बाई कशाला लागते. खोलीची किल्ली तर मीच तुमच्या हातात दिली होती, घर रिकामंच होतं की. चार दिवस सुट्टी घ्या.

जिंतूरच्या लेकीचा नंबर भिंतीवर कोळशानं लिहिलेला होता. लावला. तिनं नीट ऐकून घेतलं. म्हणाली, ताई, मला आई नाही, मी मामाकडं वाढले.

पाठीमागं तिचं लेकरू हसत होतं.

१२ मार्च, बुधवार

सांगितलं. अखेर सांगितलं.

दुपारच्या फेरीला दीडशे लोक होते. मी ओरडून म्हणाले, खोटं आहे, कुणीही कुणाला दिलेलं नाही, मी बनवलं, टाळ्यांसाठी बनवलं. सिंधूबाई जिवंत आहेत, मला भाकर घालत होत्या, त्या तिथं उभ्या आहेत, बघा.

कुणी चिडलं नाही. बायका जवळ आल्या, माझ्या पाठीवरून हात फिरवला. एक म्हणाली, लई सोसलं पोरीनं, आई अंगात बोलून राहिली तिच्या. मसाजी गर्दीतून पुढं आले. आता रोज येतात, पायऱ्या झाडतात, प्रायश्चित्त म्हणून. माझ्या पायाशी वाकले. माझ्या. म्हणाले, "लेकी, तू काहून लाजतीस? पाप तर आमच्या घराण्याचं हाय."

मी त्यांना उठवूही शकले नाही.

खोटं बोलताना एका वाक्यात विश्वास बसला. खरं सांगून दमले.

१५ मार्च, शनिवार

पाणी सत्तावीस पायऱ्या. गळ्याला आलंय.

आज फेरीला गेले नाही. गोष्ट बंद तर सगळं बंद, असं वाटलं होतं. तीन वाजता बारवेकडून आवाज आला. लोक आपले आपणच म्हणत होते, सगळे मिळून — घोट्याला, गुडघ्याला, कमरेला. माझे शब्द. माझे थांबेसुद्धा.

धावत गेले. ते निघून गेल्यावर खाली उतरले. पाण्याबाहेर फक्त चेहरा. तीन ठिपके पाण्याच्या रेघेवर. त्या बोलल्या.

"तायडे, लई गार हाय गं. तू सांगतीस तसंच होऊन राहिलं. एकडाव सांग ना, सिंधू वर आली म्हणून."

पाचच्या फेरीला सांगितलं. सिंधू वर आली, घरी गेली, भाकरी केल्या. लोकांनी ऐकूनच घेतलं नाही. मागून कुणी म्हणालं, मग पाणी कशानं आलं?

बाई नको म्हटलं तर गोष्टच चालत नाही. गोष्टीला बाई हवी. पण नाव — नाव मी घातलं होतं. नाव बदलता येईल.

१६ मार्च, रविवार, सकाळ

ठरलं. जुना कागद सापडला म्हणायचं. दिलेली सिंधू नव्हती, दुसरीच होती. आणि माझं नाव घ्यायचं. शीतल. एकच शब्द आहे.

भीती वाटतेय, पण लाजेपेक्षा कमी. बाबांना कळलं नाही तरी चालेल. उलट मी कोण होते हेच त्यांना आठवणार नाही, मग लाजणार तरी कुणासाठी.

ज्या बाईनं माझं आडनाव विचारलं नाही तिचं नाव मी वापरलं. आता माझं वापरायचं. सरळ हिशेब आहे.

१६ मार्च, संध्याकाळ

नाही घेतलं.

कागद सापडला म्हटल्यावर सगळे पुढं सरकले. कागदावर लगेच विश्वास बसला. कुणीतरी विचारलं, मग खरं नाव काय? मी तोंड उघडलं. खाली ते पाणी. हिरवं, हलत नाही. मी —

तोंडातून पल्लवी निघालं.

नाही. निघालं नाही. मी घेतलं. दुसरं कुठलंही सुचलं असतं, हजार नावं आहेत. त्या क्षणी तिचा मेसेज आला होता, हातातला फोन थरथरला, पडद्यावर तिचं नाव — आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हे मी लिहितेय. सुटल्यासारखं वाटलं.

लोक म्हणाले, पल्लवी. एका सुरात.

मेसेज असा होता: ताई सरप्राइज, पेपर संपले, आज रात्रीच्या गाडीनं निघतेय, उद्या सकाळी वसमत.

पाच वेळा लावला. लागत नाही.

१७ मार्च, सोमवार

पहाटे चुलीचा धूर. सिंधूबाई. लुगडं कोरडं. केस कोरडे. परात घेऊन बसल्या आहेत. म्हणाल्या, चार दिस झाले तू जेवली न्हाईस जणू. त्यांना काही आठवत नाही. शेजारीण आली, दोघी बोलत बसल्या. मसाजी चहा घेऊन गेले, हसत होते.

सगळं नीट झालं. मी ताटावर बसले. घास —

गेला नाही.

सव्वानऊ. रात्रभर फोन लागत नव्हता, आता तिचाच आला. वसमतच्या स्टँडवर आहे. हसत बोलत होती. म्हणाली, ताई, इथली माणसं अजबच, दोघांना गाडी विचारली तर बघेनातच, अंगावरून निघून जातात. आणि सँडल ओल्या झाल्यात, कुठं पाय पडला कळलंच नाही. मी म्हणाले, हो का. एवढंच म्हणाले. हो का.

सातवेसची गाडी दहा मिनिटांत लागते, बसले की फोन करते म्हणाली.

तिला थांबवायला हवं. इकडं येऊ नकोस, अकोल्याला जा, बाबांजवळ बस, त्यांनी तुला सारखी हाक मारत राहायला हवं. आणि मी आत्ताच बारवेवर जाऊन नाव बदलते. माझं घालते. पण का येऊ नकोस, ते सांगावं लागेल. नाहीतर ती ऐकणार नाही, हट्टी आहे.

तोंडानं सांगवणार नाही. म्हणून इथं लिहून घेते आणि फोन आला की वाचून दाखवते. बाकी काही लिहायचं नाही. कारणं नाहीत, गर्दी नाही, भीती नाही. चारच शब्द. मी तुझं नाव घेतलं.

वाजतोय.

पल्लवी, ऐक, काय झालं माहीत आहे का, काल गर्दी इतकी होती की —